पहिल्यांदा नको म्हणायचं असतं

आमच्या सासरी कुणी काही विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. हे मला लग्न होऊन पारनेरकडच्या त्या खेड्यात गेल्यावर कळलं. माझं माहेर मिरजगाव. मोठ्या रस्त्यावरचं, व्यापाराचं गाव, येणाराजाणारा फार. तिथं भूक लागलेला माणूस सरळ पाटावर बसायचा आणि पोट भरलं की उठायचा. सासरी जेवणाचं एक नाटकच असे. सासूबाई भाकरी घेऊन पुढं आल्या की पाहुणा ताटावर आडवा हात धरायचा. "नको नको, लई झालं." मग सासूबाई म्हणायच्या, "चतकोर तरी." पुन्हा आडवा हात. मग त्या भाकरी त्याच्या बोटांवरूनच ताटात सोडायच्या आणि पाहुणा हरल्यासारखा चेहरा करून ती चवीनं खायचा. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरा ठरे आणि एकदाच विचारून गप्प बसणारी बाई चिक्कू ठरे. दोन्ही बाजूंनी आपापली वाक्यं चोख म्हटली की जेवण नीट झालं असं समजायचं.

माझे यजमान या नाटकात वाढलेले. ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते. एकदा त्यांच्या शाळेवर शहरातले एक हेडमास्तर बदलून आले. त्यांच्या घरी हे काही कामानं गेले, जेवणाची वेळ होती. हेडमास्तरांनी विचारलं, "जेवता का गुरुजी?" हे म्हणाले, "नको नको, आत्ताच जेवून निघालो." हेडमास्तर "बरं" म्हणाले आणि एकटेच जेवायला बसले. हे समोर बसून बघत राहिले. भर उन्हात सायकल मारत घरी आले, सकाळची उरलेली भाकरी चटणीशी खाल्ली आणि "काय माणूस आहे!" म्हणून पोट धरून हसले. मीही हसले. तेव्हा त्यात हसण्यासारखं बरंच काही वाटायचं.

मी साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. आमच्या जिल्ह्यात कारखाने पुष्कळ. त्यातला कुठला ते सांगत नाही, सांगून काही फरकही पडणार नाही. नगरला टायपिंगची परीक्षा देऊन टायपिस्ट म्हणून लागले आणि टाइपरायटरवर बोटं झिजवत हेडक्लार्क झाले. माझ्या वर ऑफिस सुपरिंटेंडेंट. त्यांना सगळे नुसतं "साहेब" म्हणत. साहेबांना दमा होता. शेवटची काही वर्षं ते खुर्चीत बसून श्वास घेत आणि त्यांचं काम मी करी. संचालकांच्या सभेची तयारी, पुण्याच्या सरकारी कचेरीशी पत्रव्यवहार, कामगारांच्या रजा, भांडणं, बदल्या, सगळं माझ्या टेबलावरून जाई. ते सही तेवढी करत. सही करताना न चुकता म्हणत, "बाई, माझ्या मागं तुम्हीच. मी चेअरमनच्या कानावर घातलंय."

मला कारखान्यात मान होता. तो नव्हता असं म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. मी केबिनच्या दारात दिसले की आतली माणसं बिड्या विझवत, कुणीतरी उठून खुर्ची पुढं करी आणि चाललेलं बोलणं थांबे. "या बाई, बसा." मी बसे. मग कुणीच काही बोलत नसे. मी उठून बाहेर आले की मागं बोलणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू येई. कारखान्याचे खरे निर्णय कँटीनच्या मागच्या लिंबाखाली होत, चेअरमनच्या जीपमध्ये होत, त्यांच्या मळ्यातल्या बाजेवर होत. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे येत ते व्यवस्थित मराठीत लिहून काढायला. इतका मान मिळाल्यावर माणूस तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

ती जागा मला हवी होती. मोठ्या पदाची हौस होती आणि ती असण्यात मला काही गैर वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण आणखी एक साधी गोष्ट होती. ऑफिसात मी आणि श्रीगोंद्याची एक टायपिस्ट मुलगी, आणि खाली गोदामात पोती शिवणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या बायका. आम्हा सगळ्यांसाठी त्या एवढ्या मोठ्या कारखान्यात एकही संडास नव्हता. मी कॉलनीत राहायची म्हणून घरी पळत जाऊन यायची. ती मुलगी माझ्याबरोबर यायची. गोदामातल्या बायका कुठं जात ते विचारायची सोय नव्हती. मी दरवर्षी टिपण ठेवी आणि दरवर्षी ते "पाहू" असा शेरा घेऊन परत येई. साहेबांच्या अधिकारात एवढं सहज होतं. त्या खुर्चीत बसल्यावर पहिलं काम कुठलं करायचं, ते मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

साहेब निवृत्त झाले ते दुष्काळाच्या वर्षी. विहिरी तळाला गेल्या होत्या, ऊस वाळून जनावरांपुढं पडत होता, रस्त्यारस्त्यावर खडी फोडायची कामं निघाली होती. कारखाना यंदा किती चालेल याचीच शंका, त्यामुळं साहेबांच्या जागेचा विषय कुणी काढेना. मीही काढला नाही. बाईनं स्वतःहून कसा काढायचा, याचं वळण मला कुणी लावलेलं नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी चेअरमनची जीप आमच्या क्वार्टरपुढं थांबली. चेअरमन आणि त्यांच्याबरोबर एक जाडे संचालक. आमच्या यांनी धावत जाऊन पडवीतल्या बाजेवर सतरंजी टाकली. मी डोक्यावर पदर घेऊन पाणी दिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत आले. आत आणि पडवीत एक पडदा तेवढा होता. सगळं ऐकू येत होतं.

आधी पाऊस झाला, म्हणजे नसलेला. मग कडबा झाला, ज्वारी झाली, शाळेतल्या पोरांची गळती झाली. मग चेअरमन खाकरले.

"गुरुजी, एक इचारायचं हुतं. सायबांची जागा मोकळी हाय. आमी म्हनतो बाईंनाच घ्यावं वर. काम त्याच करत्यात, समद्यांना ठावं हाय. तर तुमचं काय म्हननं?"

माझ्या हातात गाळणं होतं. ते मी तसंच धरून उभी राहिले. आनंद म्हणजे काय, तर तो त्या क्षणी मला झाला होता. आणि पडद्यापलीकडून यांचा आवाज आला, लाजल्यासारखा, हसरा.

"छे छे चेअरमन साहेब! कशाला एवढं? तिला कुठं जमतंय ते? घर आहे, मुलं आहेत. दुसरं कुणी चांगलं असेल तर बघा की."

मी मनात म्हणत होते, विचारा. पुन्हा एकदा विचारा.

"बरं," चेअरमन म्हणाले. "तुमचीच इच्छा न्हाई म्हनल्यावर आमी तरी कसं करावं? मग ऱ्हायलं."

"व्हय, संसार आधी," जाडे संचालक म्हणाले. मग ते दोघं पुन्हा कडब्यावर आले. मी चहा नेला. चेअरमननी बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला, "झक्क झालाय बाई" म्हणाले आणि जीप निघून गेली.

तुम्ही बाहेर का आला नाहीत, असं मला पुढं माझ्या सुनेनं विचारलं, तिच्या मैत्रिणींनी विचारलं. या प्रश्नाचा मला फार राग येतो. घरात पुरुष बसलेले असताना पडदा सारून "थांबा, मी सांगते" म्हणणारी बाई मी तोवर डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. जी गोष्ट कुणी करतानाच पाहिली नाही ती ऐनवेळी सुचत नाही, एवढंच त्याचं उत्तर आहे.

हे आत आले ते नाचतच. खरंच सांगते, इतकं खूश मी त्यांना थोरल्याच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. "विचारलं बरं का त्यांनी! स्वतः चेअरमन घरी आले! झालं आता तुझं काम."

मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणालात."

"अगं, मग काय लगेच हो म्हणायचं? काय म्हणाले असते, गुरुजी टपूनच बसले होते. येतील आता पुन्हा. दुसऱ्यांदा आले की मी म्हणेन, तुमचा एवढाच आग्रह असेल तर आमची काही हरकत नाही." ते वाक्य त्यांनी हात जोडून, मान तिरकी करून मला म्हणूनही दाखवलं.

"येणार नाहीत," मी म्हटलं.

"येतील गं. रीत असते."

रीत असते, हे चेअरमनना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांच्या मळ्यावर मी जेवले होते. नको म्हणणाऱ्या पाहुण्याच्या ताटात त्यांच्या घरी अर्धी टोपली रिकामी होई, नको या शब्दाचं तिथं कुणी ऐकूनच घेत नसे. पण ज्याला मनापासून वाढायचं असतं त्यालाच माणूस आग्रह करतो. बाकीच्याला विचारायचं कर्तव्य असतं. त्यांनी ते पार पाडलं, नको मिळालं, आणि मोकळ्या मनानं ते जीपमध्ये बसले.

पुढचे काही रविवार हे सकाळी अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून पडवीत बसत. जीपचा आवाज आला की उठून उभे राहत. जीप पुढं निघून जाई. मला त्यांच्यावर ओरडताही येईना. ओरडावं असं त्या माणसानं केलं काय होतं? त्यांना खरोखर वाटत होतं की आपण बायकोची बाजू राखली, तिची किंमत कमी होऊ दिली नाही.

शेवटी मीच चेअरमनच्या केबिनमध्ये गेले. बिड्या विझल्या, खुर्ची पुढं आली, बोलणं थांबलं. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, "साहेबांच्या जागेवर काम करायची माझी इच्छा आहे. घरी जे बोलणं झालं ते गुरुजी आपलं रीतीनं बोलले. मला ती जागा हवी आहे."

हवी आहे. एवढं बोलायला मला किती बळ लागलं, ते त्या खोलीतल्या कुणाला कळलं नसेल. चेअरमन माझ्याकडं जरा नवलानं बघत राहिले. चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत.

"बाई, गुरुजी नको म्हनले. तुमी हवी म्हनता. आता आमी कुनाचं ऐकावं? आधी घरात काय ते एकदा ठरवा. आमच्यामुळं तुमच्यात वितुष्ट नको."

मी बाहेर पडले. मागं बोलणं सुरू झालं, त्यातलं जाड्या संचालकांचं एक वाक्य दारातच कानावर पडलं. "बाई लईच पुढं पुढं करायला लागल्या राव." म्हणजे नको म्हटलं तर राहिलं आणि हवी म्हटलं तर हाव. मला त्या दिवशी टेबलावर डोकं टेकून झोपावंसं वाटलं, दुसरं काहीही नाही.

यांना मी तुम्ही जाऊन सांगा म्हटलं. आधी ते बधेनात. "एकदा नको म्हटलेली गोष्ट मी परत जाऊन मागू? भीक मागितल्यासारखं?" पण माझा चेहरा बघून असेल, एका संध्याकाळी ते सायकल काढून चेअरमनच्या मळ्यावर गेले. दिवेलागणीला परत आले ते तृप्त होऊन.

"काय म्हणाले?"

"अगं, बसवूनच घेतलं. पिठलं-भाकरी, वर दही. नको नको म्हणताना चारदा वाढलं. दुष्काळात एवढं कोण करतं? देवमाणूस."

"जागेचं काय म्हणाले?"

ते पायातल्या चपला काढण्यात गुंतले. मग म्हणाले, "तो विषय निघालाच नाही."

"तुम्ही काढायचा होता."

"त्यांच्याच ताटात जेवताना मी कसा काढणार? मला वाटलं ते काढतील." आणि थोड्या वेळानं, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी वाट बघत होतो गं."

मला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. यांच्यावर ठेवावा तर हे बिचारे दही खाऊन वाट बघत बसलेले. चेअरमनवर ठेवावा तर त्यांनी घरी येऊन विचारलं होतं. सगळी माणसं सज्जन होती. मला तेव्हापासून सज्जन माणसांचा फार थकवा येतो.

संचालकांची सभा झाली आणि तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ साहेबांच्या जागेवर नेमले गेले. बरे होते बिचारे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, कारखान्यातलं मला काही कळत नाही, तुम्हीच सांभाळून घ्या." मी म्हटलं, "हो साहेब." ते सही चांगली करत.

खरी मौज पुढंच होती. नव्या साहेबांच्या स्वागताचा छोटा कार्यक्रम कँटीनमध्ये ठेवला होता. गुरुजींनाही यायचं निमंत्रण होतं. ते कोट घालून आले. हार-तुरे झाले, चहा झाला, आणि मग चेअरमन उठले. म्हणाले, आज आणखी एक सत्कार करायचा हाय. म्हणाले, या जागेवर पहिला हक्क आपल्या बाईंचा होता. आमी घरी जाऊन विनंती केली. पण बाईंनी आणि गुरुजींनी मोठ्या मनानं नको म्हटलं. आजकाल खुर्चीसाठी मानसं काय काय करत्यात आपन बघतो. आन् हितं एक माउली चालून आलेली खुर्ची संसारासाठी सोडती. असा त्याग आपल्या कारखान्यात घडला, ही आपल्याला लई अभिमानाची गोष्ट हाय.

टाळ्या वाजल्या. जोरात वाजल्या. चेअरमनच्या घरून त्यांच्या पत्नी आल्या होत्या, त्यांनी मला कुंकू लावून साडी-चोळी आणि नारळ दिला. गुरुजींना टोपी-टॉवेल. हे दोन्ही हात हलवत मागं सरकत म्हणत होते, "नको नको चेअरमन साहेब, मला कशाला?" पण चेअरमन ऐकतात होय? "अहो घ्या की गुरुजी, घ्या. न्हाई म्हनायचंच न्हाई." त्यांनी पाठीमागून धरून टॉवेल यांच्या खांद्यावर टाकला आणि टोपी डोक्यावर बसवलीच. यांचे डोळे भरून आले होते. मी नारळ धरून उभी होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती, की कार्यक्रम लांबला तर मला आता कॉलनीपर्यंत पळत जावं लागणार आहे.

कार्यक्रम संपल्यावर मी ऑफिसात परत आले. टायपिस्ट मुलगी माझ्या टेबलाशी उभी होती. त्या वर्षी तिचं लग्न ठरत होतं. टायपिंगमध्ये ती माझ्याहून हुशार होती, इंग्रजी पत्र एकटीनं तयार करायची. आणखी काही वर्षांत हेडक्लार्क झाली असती, पुढंही गेली असती. बाई वर जाऊ शकते हे तिला दिसावं, एवढ्यासाठी मी तिच्या डोळ्यांसमोर होते, असं मला नेहमी वाटे.

ती म्हणाली, "बाई, सासरचे विचारत होते नोकरीचं पुढं काय. त्यांना काय सांगावं ते आईला कळत नव्हतं, मलाही नव्हतं. आज कळलं. मी त्यांना तुमचं सांगणार आहे. नोकरी करायची, पण वरच्या जागेच्या मागं लागायचं नाही, घर आधी. तुमच्यासारखं."

मी नारळ टेबलावर ठेवला. तिचा हात धरला आणि तिला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "हे बघ. मी नको म्हटलेलं नाही. मला ती जागा हवी होती. मी मागितली होती. मला दिली नाही."

तिनं ते ऐकून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, कौतुकाचं, मोठ्या माणसाचा विनय बघून येतं तसं.

"तुम्ही असंच म्हणणार, बाई," ती म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली.